बांधावरचे चौकोन

२०२१-२२ चा गाळप हंगाम महाराष्ट्रात विक्रमी ठरला. राज्यात १३७ लाख टनांहून अधिक साखर तयार झाली आणि उत्तर प्रदेशला मागे टाकून महाराष्ट्र देशात पहिला आला. याच हंगामात मे महिना उजाडला तरी बीड, जालना, लातूर भागांत फडच्या फड उभे होते. एरवी मार्च-एप्रिलात थंडावणारी धुराडी काही ठिकाणी जूनच्या मध्यापर्यंत पेटती ठेवावी लागली. तोडणी मजूर परतीच्या वाटेला लागले होते, उन्हाने उसाचे वजन घटत होते, आणि मे महिन्यापासून गाळल्या जाणाऱ्या उसासाठी सरकारला टनामागे २०० रुपये उतारा-घट अनुदान आणि शिवाय वाहतूक अनुदान जाहीर करावे लागले. दोन वर्षे चांगला पाऊस झाला होता, धरणे भरली होती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने उसाकडे मोर्चा वळवला होता. पण त्यातला बराच ऊस कोणत्याच कारखान्याकडे नोंदलेला नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला धरलेला साखरेचा अंदाज प्रत्यक्षाहून खूपच कमी निघाला.

पुढच्या वर्षी नेमके उलटे घडले. २०२२-२३ साठी राज्यात १३८ लाख टन साखरेचा अंदाज होता. क्षेत्र वाढलेले होते, त्यामुळे अंदाज कोणालाही जास्त वाटला नाही. हंगाम संपला तेव्हा हाती आली ती सुमारे १०५ लाख टन. अति पाऊस झाला होता, खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा वाढवलेल्या पिकाचे, प्रमाण मोठे होते, आणि एकरी टनेज कोसळले होते. देशातून किती साखर निर्यात होऊ द्यायची, हे अशाच आरंभीच्या अंदाजांवर ठरते. त्या वर्षी सुमारे ६० लाख टनांच्या कोट्यानंतर पुढची परवानगी मिळालीच नाही.

लागोपाठच्या या दोन चुका एकसारख्या दिसल्या तरी त्यांची जात वेगळी आहे. पहिल्या वर्षी प्रामुख्याने ‘किती जमिनीवर’ हे चुकले आणि दुसऱ्या वर्षी ‘एकरी किती’ हे चुकले. उत्पादनाचा प्रत्येक आकडा या दोहोंचा गुणाकार असतो. उपग्रहाची पिकांच्या आकडेवारीला काय मदत होते, हे समजून घ्यायचे तर हा फरक आधी पक्का करावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपग्रह फार चांगले देऊ शकतो. दुसऱ्याचे तो आजही अर्धेमुर्धेच देतो.

आपल्याकडे पेऱ्याचा हिशेब गावातून सुरू होतो. सातबाऱ्यातला ‘बारा’ म्हणजे गाव नमुना १२, पिकांची नोंदवही. तलाठ्याने हंगामात शिवारात फिरून प्रत्येक गटात काय पेरले आहे ते लिहायचे, मग त्याची बेरीज तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला जायची. रचना म्हणून ही व्यवस्था विलक्षण आहे. जगातल्या फार थोड्या देशांत प्रत्येक शेताची अशी नोंद ठेवण्याची परंपरा आहे. अडचण अशी, की एका तलाठ्याकडे अनेक गावे असतात आणि पीक पाहणी हे त्याच्या असंख्य कामांतले एक. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने २००१ च्या अहवालात हे स्पष्टपणे मांडले होते: पाहणी वेळेवर होत नाही, पूर्ण होत नाही, आणि त्यामुळे क्षेत्राच्या आकड्यांची गुणवत्ता घसरते. मागच्या वर्षीची नोंद पुढे ओढली गेली, तर नव्याने उसाकडे वळलेला शेतकरी कागदावर कापूसच पिकवत राहतो.

एकरी उत्पादन काढण्याची रीत मात्र या देशाने जगाला दिलेल्या देणग्यांपैकी आहे, आणि त्यात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली. यादृच्छिकपणे गावे निवडायची, गावातली शेते तशीच निवडायची, शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखून तेवढेच पीक कापायचे, मळायचे, वाळवून तोलायचे. ही पद्धत येईपर्यंत उत्पादनाचा अंदाज ‘आणेवारी’ने, म्हणजे नजरेने, बांधला जाई.

त्या काळात एक वाद झाला, तो आज उपग्रहाच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस पीक कापणीसाठी लहान वर्तुळे वापरत. लहान वर्तुळ स्वस्त, झटपट, त्यामुळे जास्त ठिकाणी घेता येते. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवले की लहान तुकड्यांतून उत्पादन वाढीव निघते. कारण काठावरच्या रोपांत आहे. रेषेवर पडलेले रोप आत धरायचे की बाहेर? माणसाचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्याचा काठ क्षेत्रफळाच्या मानाने मोठा, आणि तितकी चूक मोठी. बरे, ही चूक जास्त तुकडे घेऊन भरून निघत नाही. हजार लहान वर्तुळांत तीच चूक हजारदा, एकाच दिशेने होते. मला हे संशोधन त्यातल्या आकड्यांपेक्षा त्यामागच्या दृष्टीसाठी मोलाचे वाटते: मोजमापाची चूक कुठे दडते, तर काठावर.

आता आकाशात जाऊ.

१९७२ साली सोव्हिएत संघाचे पीक बुडाले आणि त्या सरकारने अमेरिकेच्या बाजारातून गुपचूप प्रचंड धान्य उचलले. अमेरिकेला आपण काय विकतो आहोत याचा अंदाज उशिरा आला, तोवर गव्हाचे भाव भडकले होते. त्याच वर्षी २३ जुलैला पुढे लँडसॅट-१ या नावाने ओळखला गेलेला उपग्रह सुटला होता. दुसऱ्या देशाचे पीक आकाशातून मोजता आले तर असा धक्का पुन्हा बसणार नाही, या विचाराने नासा, अमेरिकेचे कृषी खाते आणि हवामान संस्था यांनी १९७४ ते १९७७ या काळात गव्हाच्या अंदाजाचा मोठा प्रयोग केला. १९७७ च्या सोव्हिएत गव्हाचा त्यांचा अंदाज मॉस्कोने नंतर जाहीर केलेल्या आकड्याच्या अगदी जवळ गेला.

भारतातही हे काम तेवढेच जुने आहे. १९७४-७५ मध्ये इस्रो आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने अनंतपूर आणि पतियाळा जिल्ह्यांत विमानातून अवरक्त छायाचित्रे घेऊन पिके ओळखण्याचा प्रयोग केला. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा नियमित वापरासाठीचा आपला पहिला सुदूर संवेदन उपग्रह कक्षेत गेला, आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने पिकांचे क्षेत्र व उत्पादन काढण्याचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. त्यातून २००६ मध्ये ‘फसल’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि २०१२ मध्ये दिल्लीत महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र सुरू झाले. भात, गहू, मोहरी, ताग, बटाटा, कापूस, ऊस आणि आपली रब्बी ज्वारी यांचे अंदाज तिथून निघतात. साखर कारखान्यांची देशपातळीवरची संघटनाही दर उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सीमेवर उपग्रहचित्रे विकत घेऊन उसाचे क्षेत्र काढते.

पण सोव्हिएत गव्हाचे शेत आणि आपल्या उसाचा फड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे एकेक शेत शेकडो एकरांचे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातली सरासरी वहिवाट १.०८ हेक्टर, आणि तीही अनेकदा दोन-तीन तुकड्यांत विखुरलेली. उपग्रहाचे चित्र चौकोनांचे बनलेले असते आणि एका चौकोनाला एकच रंग असतो. त्याहून बारीक काही त्याला दिसत नाही. हे चौकोन आपल्या मापात आणून पाहिले तर सगळे स्वच्छ होते. लँडसॅट-१ चा चौकोन सुमारे ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराहून मोठा. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याचा ७२.५ मीटरचा, म्हणजे ५२ गुंठे. पुढच्या लँडसॅट मालिकेतला ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. आणि युरोपच्या सेंटिनेल-२ या २०१५ पासूनच्या उपग्रहांचा १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा असतो! सातबाऱ्यावर ज्या मापाने जमीन लिहिली जाते, जवळजवळ त्याच मापाने आता आकाशातून चित्र मिळते. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी, आणि जगातल्या कोणालाही विनामूल्य. लहान शेतकऱ्यांच्या देशासाठी गेल्या पन्नास वर्षांतली ही सर्वांत मोठी घडामोड आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

तरीही एक एकराच्या चौरस फडाची बाजू भरते ६३-६४ मीटर. त्यात सहा बाय सहा असे चौकोन बसतात, आणि त्यांतले २० काठावरचे, १६ आतले. निम्म्याहून जास्त चौकोन बांधाला टेकलेले. बांधावरच्या चौकोनात थोडा ऊस, थोडे गवत, एखादी बाभळ, शेजाऱ्याचे सोयाबीन असे सगळे मिसळून एकच रंग येतो. सुखात्म्यांनी दाखवलेला वर्तुळाचा काठ इथे बांध होऊन परत येतो.

मुळात उपग्रहाला ऊस दिसत नाही, पिकावरून परतलेला प्रकाश दिसतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परतवते. दाट पिकावरून समजा ४५ टक्के अवरक्त आणि ५ टक्केच तांबडा प्रकाश परतला. दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे ४० भागिले ५०, उत्तर ०.८. उघड्या जमिनीवर हाच आकडा ०.२ च्या आसपास राहतो. याला एनडीव्हीआय म्हणतात. पण एका दिवसाचा आकडा एवढेच सांगतो, की इथे हिरवे काही आहे. पीक ओळखायला वर्षभराचा चढउतार लागतो. सोयाबीन जून-जुलैत उगवते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळे पडून संपते. हरभरा त्यानंतर वर येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो. एप्रिल-मेमध्ये शिवार उघडे पडते तेव्हाही जे हिरवे राहते तो बहुधा ऊस, नाहीतर केळी किंवा फळबाग. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू, या तिघांच्या चढाची वेळ वेगळी. खोडव्याची खूण तर फारच स्पष्ट: तोडणीच्या दिवशी आकडा एकदम खाली येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी पुन्हा चढतो. म्हणजे कोणत्या गावात किती ऊस तुटला आणि किती अजून उभा आहे, हे हंगाम चालू असताना आठवड्याच्या अंतराने पाहता येण्यासारखे आहे. नोंदीचा ऊस आणि बिननोंदीचा ऊस असा भेद प्रकाशाला नसतो. २०२२ च्या उन्हाळ्यासारख्या प्रसंगी तोडणीच्या टोळ्या आणि यंत्रे कुठे वळवायची, याचे उत्तर फेब्रुवारीतच मिळवण्याचा हा मार्ग आहे.

खरिपाचे दुखणे वेगळे. जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेले, आणि प्रकाशावर चालणारा कॅमेरा ढगांखाली पाहू शकत नाही. तिथे रडार उपयोगी पडते. ते स्वतःच्या सूक्ष्मलहरी सोडते आणि परत आलेल्या मोजते. ढग आणि रात्र, दोन्ही त्याला आड येत नाहीत. भात हे रडारचे सर्वांत लाडके पीक. चिखलणीनंतर खाचरात पाणी साचते, तेव्हा लहरी त्या सपाट पृष्ठावरून पलीकडे निघून जातात आणि चित्रात खाचर काळे दिसते. रोप वाढू लागले की ते उजळत जाते. आधी काळे, मग उजळ, हा क्रम कोकणातल्या आणि भंडारा-गोंदियातल्या भातशेतीत स्पष्ट उमटतो. भारताचा रिसॅट-१ हा उपग्रह २०१२ मध्ये, त्याचा वारस ईओएस-०४ २०२२ मध्ये, आणि इस्रो-नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटला. निसारची लांब लहर पानांच्या थरातून आत उतरते, त्यामुळे उसासारख्या उंच पिकात तिच्याकडून जास्त अपेक्षा आहे. सोयाबीन, मूग, उडीद मात्र रडारला एकमेकांपासून वेगळे काढायला कठीण जातात, आणि तुरीच्या ओळी मध्ये घातलेले कापसाचे रान तर कोणत्याही उपग्रहाला अवघड.

आता या प्रकरणातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. पिकांचा नकाशा तयार झाला की त्यातले उसाचे चौकोन मोजायचे आणि तेच क्षेत्र म्हणून जाहीर करायचे, हा मोह सगळ्यांना होतो. ही पद्धत चूक आहे. समजा एका तालुक्यात एक लाख हेक्टर जमीन आहे आणि त्यात खरा ऊस ५,००० हेक्टर. आपला नकाशा चांगला आहे: उसातला ९० टक्के ऊस तो बरोबर ओळखतो आणि इतर जमिनीला फक्त ५ टक्के वेळा चुकून ऊस म्हणतो. मग खऱ्या उसातले ४,५०० हेक्टर नकाशावर आले, आणि उरलेल्या ९५,००० चे ५ टक्के, म्हणजे ४,७५० हेक्टर, उसाच्या नावावर चढले. नकाशातला ऊस झाला ९,२५० हेक्टर, जवळजवळ दुप्पट. आणि तरी या नकाशाची एकूण अचूकता जवळजवळ ९५ टक्के भरते! ‘९५ टक्के अचूक’ ही जाहिरात खरी असूनही क्षेत्राचा आकडा साफ खोटा ठरू शकतो.

यावर उपाय आहे, आणि तो पुन्हा पानसे-सुखात्म्यांच्या घरचाच आहे. नकाशात ऊस म्हणून दाखवलेल्या भागातून यादृच्छिकपणे काही ठिकाणे निवडायची, ऊस नसलेल्या भागातूनही निवडायची, आणि माणसे पाठवून तिथे खरोखर काय आहे ते पाहायचे. वरच्या उदाहरणात ऊस म्हटलेल्या ठिकाणांपैकी सुमारे ४९ टक्केच ऊस निघेल, आणि ऊस नाही म्हटलेल्या ठिकाणी हजारात पाच-सहा जागी ऊस सापडेल. हे दोन हिस्से नकाशातल्या त्या त्या क्षेत्राला गुणले की पहिल्यातून ४,५०० आणि दुसऱ्यातून ५०० हेक्टर मिळतात. बेरीज बरोबर ५,०००. शिवाय किती ठिकाणे पाहिली त्यावरून आकडा किती मागे-पुढे असू शकतो, हेही सांगता येते. नुसत्या पायी पाहणीने एवढी अचूकता गाठायला कितीतरी जास्त शेते पाहावी लागली असती, आणि नुसत्या नकाशाने ती कधीच आली नसती. उपग्रहाची खरी कामगिरी हीच, की पाहिलेल्या प्रत्येक शेताची किंमत तो वाढवतो. शेत पाहणे त्याच्यामुळे थांबवता येत नाही.

म्हणून महाराष्ट्राची ई-पीक पाहणी मला फार मोलाची वाटते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद आणि शेतातला फोटो पाठवू लागला. त्या फोटोला अक्षांश-रेखांश जोडलेले असतात. कोट्यवधी खातेदारांच्या राज्यात जमिनीवरच्या पुराव्याचा एवढा साठा पूर्वी कधीच नव्हता. पण सर्व्हर चालत नाही म्हणून रस्त्यावरूनच काढलेला फोटो, बांधावर उभे राहून शेजारच्या गटात पडलेला अक्षांश, किंवा विम्याकडे पाहून लिहिलेले पीक, हे सगळे त्या साठ्यात येते. संगणकाला पीक ओळखायला याच नोंदींवरून शिकवले, तर तो त्यांतल्या चुकाही शिकतो आणि मग त्या चुका ‘उपग्रहाचा आकडा’ म्हणून अधिकाराने परत येतात. म्हणून शिकवायला स्वयंनोंदी चालतील, पण पडताळणीची ठिकाणे स्वतंत्रपणे निवडलेली आणि प्रशिक्षित माणसाने जाऊन पाहिलेलीच हवीत. दोन्ही साठे एकमेकांत मिसळता कामा नयेत.

राहिला ‘एकरी किती’चा प्रश्न. उपग्रहाला पाला दिसतो, माल दिसत नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने कापसाची बोंडे आतून पोखरली, वरून झाडे हिरवीगार होती. सोयाबीनला शेंगाच धरल्या नाहीत तर झाड उलट जास्त दिवस हिरवे राहते. कांदा जमिनीखाली असतो. अति पावसात उसाचे पान टवटवीत दिसते आणि कांडी वजनाला भरत नाही. २०२२-२३ मध्ये क्षेत्राच्या आकड्यावर विसंबून फसगत झाली ती यामुळेच. पाऊस, तापमान, जमिनीतला ओलावा आणि हिरवेपणाचा चढउतार एकत्र करून उत्पादनाची गणिते मांडली जातात, ती दरवर्षी सुधारतही आहेत. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप २०२३ पासून भात आणि गव्हाच्या उत्पादनात अशा तंत्राला किमान ३० टक्के भार दिला गेला. यात पीक कापणी प्रयोगांतला हस्तक्षेप कमी होतो, हा फायदा निर्विवाद आहे. पण हा भार वाढवत नेऊन कापणी प्रयोगच बंद करण्याकडे कल झाला, तर ज्या मापावर ही गणिते तपासायची ते मापच नाहीसे होईल. उपग्रहाचा उपयोग प्रयोग कमी जागी पण योग्य जागी करण्यासाठी व्हावा: तालुक्यातले जोमदार, मध्यम आणि रोगट पीक आकाशातून वेगळे करायचे, आणि प्रत्येक गटातून यादृच्छिकपणे शेते निवडून तिथे चौकोन आखायचा.

या विषयातल्या प्रत्येक जाणकाराला हे ठाऊक आहे. सामान्य वाचकालाही ठाऊक असले पाहिजे, कारण आयात-निर्यात, हमीभावाची खरेदी, विम्याची भरपाई आणि दुष्काळाची घोषणा याच आकड्यांवर ठरते. ‘उपग्रहाच्या पाहणीनुसार राज्यात अमुक लाख हेक्टर’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा दोन गोष्टी विचारा: जमिनीवर जाऊन किती शेते पाहिली आणि ती कोणी, कशी निवडली, आणि हा आकडा किती हजार हेक्टरने इकडे-तिकडे होऊ शकतो. तुम्ही शेतकरी असाल तर याच हंगामात पिकात उभे राहून स्वतःची नोंद करा, आणि गाव नमुना १२ मध्ये तीच उतरली आहे का ते पाहून घ्या.